टाकीतला जांभळाचा ओंडका

आमच्या बांधावर जांभळाचं झाड हाय. ते माज्यापेक्षा कामाचं हाय, आसं आमची बायकू म्हणत्या. मी कधी वाद घालत न्हाय. झाड खरंच कामाचं हाय. बारा म्हैनं हिरवंगार ऱ्हातंय, उनात सावली देतंय, उनाळा सरायला आला की जांभळं देतंय आन कुणाला उलटून बोलत न्हाय. माजं तसं न्हाय. मी बारा म्हैनं खिशानं वाळलेलाच आसतोय. सावली म्हणाल तर माजी मलाच पुरत न्हाय.

घर आमचं निपाणीकडनं बोरगावला जाताना मदी लागणाऱ्या एका गावात. ऊस, थोडी तंबाकू, म्हशी. शाळंत मी गेलतो, खरं पाटी फुटली आन परत गेलो न्हाय. अक्षरं मला पोरीनं शिकीवली, ती सोता बारकी आसताना. मास्तरापेक्षा जास्त कान पिळलं तिनं. हे लिवण्यात काय चुकलं आसंल तर तिला इचारा, मला इचारून उपेग न्हाय.

आमचा बा त्या झाडाला घरातलं माणूसच समजायचा. हिरड्या सुजल्या की साल उकळून त्या पाण्यानं चूळ भरायला लावायचा. तोंड आसं तुरट हुयाचं की जीभ टाळ्याला चिकटायची, घटकाभर बोलायलाच यायचं न्हाय. आई म्हणायची, "ह्याला रोज द्या." पिकलेल्या जांभळाचा रस बरणीत भरायचा, तोंडाला फडकं बांधायचं आन उनात ठेवायचा, त्याचा आंबट शिरका हुयाचा. पोटात दुखलं की चमचाभर शिरका पाण्यातनं घ्याचा. मी एकदा लवकर गुण यावा म्हणून वाटीभर प्यालो. पोटातलं दुखणं गेलं, खरं ते घशात यिऊन बसलं, आन उचकी सांजपतोर थांबली न्हाय.

बिया वाळवून कुटल्या की त्याची पूड हुत्या. साखरेचं दुखणं आसलेली माणसं ती न्यायला आजबी आमच्या दारात येत्यात. पोरगी बेळगावात एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला हाय. ती फोनवर ओरडत्या, "आप्पा, पूड द्या, खरं डाक्टरच्या गोळ्या सोडू नका म्हणून सांगा." मी सांगतो. एकदा एका म्हातारीला म्हणालो, "कडू न्हाय, काय न्हाय, बघा," आन तिच्या म्होरं मूठभर पूड तोंडात टाकली. म्हातारीनं माजं तोंड बघितलं आन पूड न घेताच गेली.

आन पोटात चुकून केस गेला तर जांभळं खायाची, केस इरघळतोय, आसं आमच्याकडं समदीच म्हणत्यात. मी लहानपणापासनं जांभळं लई खाल्ली. पोटातलं केस इरघळलं का न्हाय ते ठाव न्हाय. डोस्क्यावरचं मातुर इरघळलं.

जांभळं उतरायची म्हणजे चौघांनी खाली चादरीचं कोपरं धरायचं आन एकानं वर जाऊन फांद्या हलवायच्या. मला कायम कोपरा देत्यात. वर कोण चढू देत न्हाय. जांभळाचं लाकूड पाण्यात वर्सानुवर्सं कुजत न्हाय, खरं झाडाला आसताना लई ठिसूळ. फांदी वाकत न्हाय, कुरकुरत न्हाय, एकदम कट्ट करून मोडत्या. आन मी बी काय हलक्या पायाचा माणूस न्हाय. म्हणून मी कोपरा धरतो, वर बघतो, तोंड आपोआप उघडं ऱ्हातंय, आन पैलं जांभूळ नेमकं माज्या डोळ्यात पडतंय.

आता जे झालं ते सांगतो.

गेल्या उनाळ्यात पोरीला स्थळ आलं. आलं म्हणजे, तिनंच आणलं. पोरगा बेळगावात फौंड्रीत कामाला. गाव त्याचं जांबोटीच्या पलीकडं, रानात. दोघं रोज सकाळच्या एकाच बसला. आधी तिकिटाच्या सुट्ट्यावरनं भांडाण झालं म्हणं, मग भांडाण मिटलं, आन मग मिटलेलं भांडाण रोज मिटवायला लागली. आईला सगळं ठाव हुतं. शेजारच्या आक्कास्नी ठाव हुतं. आमच्या घरात म्हशीला कळतंय त्याच्यामागनं मला कळतंय.

तर पोराचा बा घर बघायला येणार म्हणून निरोप आला. त्याला पोरीच्या शिक्षणाचं काय न्हाय, देण्याघेण्याचं काय न्हाय. त्याचं एकच, पाणी. कुणाच्यात गेला की आधी पाण्याचा तांब्या नाकाला लावतोय. वास आला की तांब्या खाली आन माणूस भाईर. संकेश्वरकडचं एक चांगलं स्थळ त्यानं आसंच सोडलंतं. पाण्याला शेवाळाचा वास येतोय म्हणाला, आन चा बी न घेता चपला घातल्या.

पोरीनं आईला फोन केला. मी म्हशीला पेंड घालत हुतो, फोन मोठ्या आवाजावर हुता.

"आई, फराळाचं काय करू नको जास्त. पाणी तेवढं बघ. आन आप्पास्नी जरा..."

म्होरं तिनं काय सांगितलं न्हाय, खरं मला समजलं. आमची पोरगी फोनवर कायम ओरडूनच बोलत्या. तवा मातुर बारीक आवाजात म्हणाली, "हे मोडलं तर मी दुसरीकडं बघणार न्हाय, आई. मला त्योच पायजे." पेंडीची पाटी माज्या हातात तशीच ऱ्हायली. म्हस वरडायला लागली.

आमचं पाणी म्हणजे बोरचं. त्यात लोखंड लई, बादलीला तांबूस थर बसतोय. स्लॅबवर काळी प्लाश्टिकची टाकी, तिच्यात आतनं हिरवं शेवाळ. उनात पाणी तापलं की वास म्हणाल तर, बेडकाच्या गावात आल्यागत वाटतंय. मी टाकीत वाकून घासली, धुतली. शेवाळ गेलं, वास ऱ्हायला.

सांजच्याला बायकू भाकरी थापत हुती. तिचं म्हायेर खानापूरच्या अंगाला, पावण्यांच्याच मुलखात. ती म्हणाली, "आमच्याकडं हिरीत जांभळाचं लाकूड टाकत्यात. शेवाळ धरत न्हाय, पाणी गोड ऱ्हातंय. माज्या आज्ज्यानं टाकलेली फळी आजून हाय, खरं त्याला..."

मी उठलो. कोयता घेतला. ती मागनं कायतरी बोलत हुती. बायकूचं आर्धं ऐकून पळायची मला जुनी सवय हाय. आर्ध्यातच मला सगळं कळल्यासारखं वाटतंय.

बांधावर गेलो. कोण बघत न्हाय म्हणून चढलो. एक चांगली मांडीएवढी फांदी बघितली, तिच्यावर बसलो, आन बुडख्यात घाव घालायला लागलो. इथं हुशार वाचकाच्या ध्यानात आलं आसंल की मी कुठल्या बाजूला बसलोतो. मला ते दुसऱ्या घावाला ध्यानात आलं. कट्ट. फांदी आन मी एकदमच खाली. खाली शेजाऱ्याच्या उसाचा पाला हुता म्हणून वाचलो, न्हायतर पोरीला बघायला आलेली माणसं माज्या मातीला आली आसती. पाय मुरगळला. खरं फांदी मिळाली. तोडायचं काम माज्या वजनानंच केलंतं.

तिचं ओंडकं केलं. एकाला दुबेळकं हुतं, म्हणजे एकाचं दोन फाटं फुटलेलं. त्येच सगळ्यात जाड, म्हणून त्येच मला सगळ्यात गुणाचं वाटलं. टाकीच्या तोंडातनं जाईना. वरनं पाय दिला, चांगल्या पायानं. गेलं. टाकी भरली, झाकण लावलं, खालचा नळ कापडानं घट्ट बांधला आन घरात सांगितलं, "पावण्यांच्या आधी ह्या पाण्याला कुणी हात लावायचा न्हाय. आपुन हौदातलं वापरायचं."

बायकू म्हणाली, "काय केलासा?"

"काय न्हाय. टाकी धुतली."

"मग लंगडतायसा कशापायी?"

"धुताना घसरलो."

मला वाटलंतं, पावणं तांब्या नाकाला लावतील, आन म्हणतील, वा, काय पाणी! आन मी म्हणणार, त्यात काय, तुमच्याकडचीच रीत हाय. ते वाक्य मी म्हशीम्होरं बोलून बी बघितलं.

ऐतवारी पावणं आलं. पोराचा बा, उंच, पांढरं धुवट धोतर, पांढरी टोपी. पोरगा, खाली बघणारा. आन पोराची आत्ती, म्हणजे बा ची थोरली भन. पोराला आई न्हाय, आत्तीनंच वाढीवलंय. त्या घरात बोलणारी तीच, हे मोटारीतनं उतरतानाच कळलं. दार कुठल्या बाजूला उघडायचं ते बी तिनंच डायवरला सांगितलं.

मी लंगडत म्होरं गेलो. आत्तीनं माज्या पायाकडं बघितलं, मग पोरीच्या दिशेनं घरात बघितलं, मग पुन्ना माज्या पायाकडं.

"जन्मापासनं हाय काय हे?"

"न्हाय आक्का," मी म्हणालो, "बिस्तरवारपासनं."

पोरगा हासला. आत्ती हासली न्हाय.

दारात पाय धुवायला पाणी द्याची रीत. बादली मी सोता भरलीती, नळाचं कापड सोता सोडलंतं. जुनी लोखंडी बादली, आतनं काळीच, आन माजी नजर सगळी रस्त्याकडं, पावणं आलं का बघत. पाण्याकडं बघायचं माज्या डोस्क्यात आलंच न्हाय. तांब्या बुडवून मी पोराच्या बा च्या पायावर पाणी वतलं. त्यांचं तोंड बघत वतलं, आदबीनं. त्यांनी एक पाय चोळला. दुसरा चोळला. मी आजून एक तांब्या वतला.

आत्ती म्हणाली, "आरं, तुजं पाय बग."

मी बी बघितलं. पाय घोट्यापतोर निळंकाळं झालतं. टाचंच्या भेगा तर शाईनं आखल्यागत दिसत हुत्या. धोतराचा काठ जांभळा. पाणी अंगणातनं वघळत पोराच्या बुटापतोर गेलं, आन पोरगा एक पाय उचलून उभा ऱ्हायला.

कंपाउंडाच्या पलीकडनं शेजारची आक्का वाकून बघत हुती. जैनाचं घर, कन्नड आन मराठी दोनी बोलत्यात, आन लई आश्चर्य वाटलं की कन्नडच येतंय. "अय्यो, येन इदू!" म्हणजे, हे काय म्हणायचं!

बायकू भाईर आली. तिनं पाय बघितलं. बादली बघितली. मग स्लॅबकडं बघितलं. मग माज्याकडं. तिला सगळं कळलं. ती येवढंच म्हणाली, "मला सांगायचं हुतं, साल काढून, वर्सभर वाळवून, आन ओढ्यात भिजवून मग टाकायचं म्हणून."

हे त्या दिशीचं ऱ्हायलेलं आर्धं वाक्य. तीन दिसांनी माज्यापतोर पोचलं.

पोरीनं मागनं सांगितलं की सालीचा तुरटपणा आन पाण्यातलं लोखंड एक झालं की शाई हुत्या. आमच्याच तालुक्यात जुन्या काळी जाळी न् कातडी ह्या सालीनंच रंगवायचीत म्हणं. तवा मी रीतच पाळलीती. फक्त पावण्याच्या पायावर पाळली.

आत्तीनं पदर खोचला. "चल. चपला घाल. पाण्याचं घर बघायला आलो, आन शाईच्या दुकानात आलो."

पोराचा बा हलला न्हाय. त्यानं वाकून वंजळीत थोडं पाणी घेतलं, नाकाला लावलं. मग जिभंनं चाखलं. सैपाकघराच्या दारात पोरगी उभी हुती. हातात कपबश्यांचं ताट. तिच्या तोंडाकडं मी बघितलं आन हातातला तांब्या खाली ठेवला.

"जांभूळ," पोराचा बा म्हणाला. "सालीसकट टाकलासा व्हय, पावणं?"

"व्हय," मी म्हणालो.

"ओलं?"

"ओलंच."

"किती?"

"बसंल तेवढं."

त्यानं टोपी काढली, आपल्या भनीच्या हातात दिली. "थांब जरा, आक्का. आधी लाकूड भाईर काढू. न्हायतर टाकी फुकट जाईल त्यांची." आन धोतर खोचून आमच्या जिन्यानं वर निघाला. पायऱ्या-पायऱ्यावर जांभळं पाय उमटत गेलं. मी मागनं लंगडत.

वर झाकण काढलं. बारकं ओंडकं त्यानं काढलं, सरळ निघालं. दुबेळकं निघंना. पाण्यात फुगलंतं, आन फाटं आतल्या अंगाला आडकलंतं. मी म्हणालो, सरा, ह्यो माजा हाय, मी घातलाय, मीच काढतो. आन डोस्कं, हात, छाती, कमरंपतोर टाकीत शिरलो. एक फाटा धरला. तो सुटंना. मग मागं यायला बघितलं तर मी बी सुटंना. हात लाकूड आन टाकी ह्यांच्या मदी आडकला, आन पोट झाकणाच्या तोंडात.

"ओढू का?" पोराच्या बा नं माजी कंबर धरली.

"थांबा," मी म्हणालो. आत अंधार, नाकात जांभळाचा वास, खाली काळं पाणी. मला वाटलं, भाईर निघालो की हा माणूस चपला घालून जाणार. आता त्यानं मला धरलंय, तवर त्याला जाता यायचं न्हाय. बोलायचं ते आताच बोलून टाकावं. म्हणून मी हळू आवाजात, फक्त त्याला ऐकू जाईल आसं बोललो.

"पावणं, येक सांगतो. मी येडा हाय, हे तुमास्नी दिसलंच. खरं येडेपणा सगळा माज्यातच संपला, पोरीत उतरला न्हाय. ती तिच्या आईवर गेल्या. तिला तुमचा पोरगा लई आवडलाय. फोनवर आईला म्हणाली, मला त्योच पायजे म्हणून. माज्या पाण्यावरनं तिला नापसंत करू नगा. पायजे तर मला कधी तुमच्या दारात येऊ दिऊ नगा."

मी हळू बोललो. खरं ओंडकं निघाल्यानं टाकी आर्धी रिकामी झालती, आन रिकाम्या टाकीत हळू बोललं तर काय हुतंय हे मला ठाव नव्हतं. आवाज आसा घुमला की खाली अंगणात, कंपाउंडापलीकडं, म्होरल्या गल्लीत दूध घालायला निघालेल्या माणसापतोर शबूद न् शबूद गेला. मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरनं बोलल्यागत.

मग खाली कपबश्यांचं ताट ठेवल्याचा आवाज आला.

आन मग अंगणातनं आत्तीचा आवाज आला. तिला टाकी लागत न्हाय, तिचा आवाज तसाच घुमतोय.

"आरं ए! त्या माणसाला किती येळ उलटा धरून ठेवणार हाईस? आन गप का? सांग की तुजं बी! सांग, तू काय केलतास ते!"

पोराचा बा वरनं म्हणाला, "आक्का, गप बस."

"का गप बसू? आवो पावणं, ऐकू येतंय न्हवं आत? ह्याच्या लग्नात, अक्षताच्या आदल्या दिशी, ह्या शाण्यानं आमच्या हिरीत जांभळाचा ओंडका टाकला. सालीसकट! वऱ्हाडाला गोड पाणी पाजायचं म्हणून! सगळ्या भावकीची धुणी जांभळी. नवरीकडच्यांनी त्या पाण्यात आंघुळी केल्या, आन मांडवात निळी माणसं बसली. माजी भावजय हळदीनं पिवळी आन गुडघ्याच्या खाली जांभळी. तवापासनं ह्याला पाण्याचा वास घ्यायचं याड लागलंय. दुसऱ्याच्या तांब्यात नाक घालतोय, खरं आपल्या हिरीचं सांगत न्हाय!"

माजी कंबर ज्या हातात हुती ते हात हालायला लागलं. मला वाटलं, राग आला. राग न्हवता. माणूस हासत हुता, आवाज न करता, आन मला गदागदा हलवत हुता. त्या हलण्यानंच माजा हात सुटला. पोरगा जिना चढून पळत वर आला, दोघांनी मिळून मला वढलं, आन माज्याबरूबर दुबेळकं बी आलं. मी पाठीवर पडलो, ओंडका माज्या पोटावर. पोरगा म्हणाला, "मामा, लागलं काय?" त्यानं मला पैल्यांदा मामा म्हटलं. सासऱ्याला आमच्याकडं मामाच म्हणत्यात. तो म्हणून गेला आन त्याच्या ध्यानात आलं, आन माज्यापेक्षा त्योच लाल झाला.

"नवरी काय म्हणालीती तुमची?" मी त्याच्या बा ला इचारलं. "मांडवात?"

"काय म्हणणार," त्यो हासत डोळं पुसत म्हणाला. काळ्या हातानं पुसलं, म्हणून डोळ्याभवती कडी झाली. "सासऱ्याला म्हणाली, रंग जाणार न्हाय काय हो? आमचा बा म्हणाला, पोरी, जातोय, खरं हा पोरगा हायेच आसा. बघ, आजून येळ हाय. ती हासली आन पाटावर बसली." मग म्हणाला, "चला खाली. मला तहान लागल्या."

खाली आलो. आमच्या घरात तर पाणी न्हवतं, म्हणजे हौदाचं हुतं, खरं ते पावण्याला कसं द्याचं. शेजारची आक्का कळशी घिऊन आत आली. त्यांच्यात पाणी रोज सकाळी फडक्यानं गाळून भरत्यात, तिची कळशी आरशागत. तिनं तांब्या भरला आन पोराच्या बा च्या म्होरं धरला. त्यानं तांब्या नाकापतोर नेला. सवयच ती. आत्ती म्हणाली, "घाल नाक, घाल." त्यानं तांब्या खाली केला, वास घेतला न्हाय, वरनं घटाघटा प्याला. मग तांब्या ठेवून बायकूला म्हणाला, "वैनी, चा ठेवा. साखर जास्त."

बायकू आत गेली आन चुलीवर आधण ठेवायच्या आधी डोळ्याला पदर लावला. मी बघितलं आन तोंड दुसरीकडं फिरवलं. एवढं मला बी कळतंय.

आत्तीनं पोरीला पाटावर बसवलं. तिच्या तोंडाकडं नीट बघितलं, हात हातात घेतला, हात पालथा केला, उताणा केला. मग इचारलं, "खरं सांग गं. तुज्या बा नं टाकीतनं सांगितलं ते खरं?"

"व्हय," पोरगी म्हणाली.

"आमचा पोरगा ह्याच्या बा वर गेलाय. उद्या त्यो बी कायतरी हिरीत टाकंल."

"टाकू देत," पोरगी म्हणाली. "खरं साल मी काढणार."

पोरगा खाली बघायचं इसरला. आत्ती पैल्यांदा हासली. हासली की तिच्या तोंडावरचं सगळं कडकपण गालात जाऊन बसतंय, हे मला आत्ता कळलं. तिनं बायकूला हाक मारली, साखरेचा डबा मागितला, आन उठून एकेकाच्या हातावर चिमूटचिमूट घालायला लागली. पोरीच्या, पोराच्या, बायकूच्या, शेजारच्या आक्काच्या. भावाम्होरं आली, त्याचं हात बघितलं, साखर त्याच्या टोपीत टाकली. मग माज्याकडं आली.

मी दोनी हात म्होरं केलं. कोपरापतोर काळं. नखात साल.

आत्तीनं हात बाजूला सारलं.

"त्या हातात न्हाय," ती म्हणाली. "व्याही, आ कर."

मी आ केला.